एक खोली, दोन पाळ्या

"ताई, तू दर आठवड्याला लोकांना घर सजवायला शिकवतेस ना? मग एकदा माझ्याकडे ये आणि माझं घर सजवून दाखव!"

गेल्या वर्षी मार्चमध्ये मामेबहिणीचा असा फोन आला. बोलणं थट्टेचं होतं, पण आवाज काही थट्टेचा वाटेना. गोंदियात वाढलेली ही मुलगी लग्न होऊन भिलाईला गेली, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. जावईबापू हथखोजच्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात कामाला. तिथून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावरच्या वस्तीत दोघांनी एक खोली भाड्यानं घेतलेली. घरमालक तिला 'वन आरके' म्हणतो. खाली जिन्यापाशी लावलेल्या पाटीवर मात्र झोकात लिहिलंय, 'स्टुडिओ अपार्टमेंट भाड्याने देणे आहे.' नाव बदललं म्हणून भिंती थोड्याच मागे सरकतात! बारा बाय चौदाची खोली, एका कोपऱ्यात ओटा, त्याच्या शेजारी न्हाणीघर, समोर तीन फुटांची गॅलरी आणि डोक्यावर थेट गच्ची.

"अगं, छान सजवता येईल," मी फोनवरच सुरू झाले. "भिंतींना फिका रंग दे. खिडकीसमोर मोठा आरसा लाव, खोली दुप्पट दिसेल. पांढरे झिरझिरीत पडदे लाव. दिवाण खिडकीखाली घे."

तिनं सगळं ऐकलं आणि सगळं केलंही. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. "ताई, आरसा उतरवला. सकाळी नऊ वाजता त्यातून उजेड थेट ह्यांच्या तोंडावर येतो."

"सकाळी नऊला ते झोपलेले असतात?"

"रात्रपाळी असते ना गं!"

खोली किती लांब, किती रुंद, हे मी विचारलं होतं. तिथली माणसं किती वाजता झोपतात, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. मग मात्र मी मुकाट्यानं नागपूरहून गाडी पकडली आणि भिलाई पॉवर हाऊसला उतरले.

भिलाई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोलाद कारखाना येतो. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. कारखान्याच्या नोकरांसाठी झाडीत वसलेले सेक्टर, रुंद रस्ते, अंगण असलेले क्वार्टर्स, हे सगळं तिथे आहेच. पण हथखोज त्या चित्रातलं नाही. तो औद्योगिक भाग. पत्र्याच्या उंच शेड, वेल्डिंगच्या ठिणग्या, लोखंडाच्या प्लेटा घेऊन वळणारे ट्रेलर. इथे काम करणाऱ्यांना अंगणाचा क्वार्टर मिळत नाही. ते भाड्याच्या खोल्या शोधतात आणि तिथेच संसार थाटतात.

मी पोचले तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. बहीण घरात नव्हतीच, ती जिन्याच्या पायरीवर बसून भाजी निवडत होती. शेजारी पाण्याची बाटली, मांडीवर मोबाइल. मला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"रोज इथे बसतेस?"

"रात्रपाळीच्या आठवड्यात. आत भांडं जरी वाजलं तरी ते जागे होतात. मग रात्री मशिनीवर डुलकी लागली तर? प्लेट कापायचं काम आहे ताई, बोटं जातात."

मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या पायरीवर मला माझ्याच सदरातली कितीतरी वाक्यं आठवली आणि कानकोंडं झालं. 'लहान घर मोठं कसं दिसेल' हे आम्ही कितीदा लिहितो! इथे प्रश्न दिसण्याचा नव्हताच. घरात एक माणूस झोपलं की दुसऱ्याला घराबाहेर बसावं लागत होतं. त्यात पुढच्या महिन्यात तिच्या सासूबाई कायमच्या राहायला येणार होत्या. सासरे गेल्यावर गावी त्या एकट्याच राहिल्या होत्या. फोनवरच्या त्या आवाजाचं कारण आता कळलं. पायरीवर एक जण बसतं, दोघी कुठे बसणार?

संध्याकाळी जावईबापू उठले. चहा झाल्यावर मी वहीचं एक पान घेतलं आणि खोलीचा नकाशा काढण्याऐवजी चोवीस तासांच्या चोवीस रेघा मारल्या. झोप तांबड्या पेन्सिलीनं, आवाज निळ्या पेन्सिलीनं. रात्रपाळीहून ते साडेसातला येतात, आंघोळ, जेवण, नऊला झोप, तीनला उठणं. आणि त्या सहा तासांत घरात कोणते आवाज होतात? बहिणीला वाटत होतं, सारा दिवसच आवाजाचा आहे. प्रत्यक्षात निळ्या खुणा झाल्या तीनच: कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर आणि दारावरची घंटी. बाकी सगळी कामं आवाज न करता होण्यासारखी होती. त्यांना हवा होता तो फक्त अंधार, आणि हिला हवा होता तो उजेड. एकाच वेळी, एकाच खोलीत.

ही काही आजची अडचण नाही म्हणा. मुंबईच्या गिरणगावात तीन-चार पिढ्यांनी हेच तर केलं. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली एकेक खोली १६० चौरस फुटांची. हिची बारा गुणिले चौदा म्हणजे १६८, आठ फूट जास्तच! तिथे गिरणीतल्या वेगवेगळ्या पाळ्यांचे गाववाले एकाच खोलीत राहत. एक उठून कामावर गेला की दुसरा त्याच जागी पथारी पसरायचा. ज्याची त्याची वळकटी आणि ज्याची त्याची ट्रंक, एवढीच काय ती प्रत्येकाची स्वतःची जागा, आणि ती कोणी दुसरा उघडत नसे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून अशा २०७ इमारती होत्या. आता त्यांचा पुनर्विकास चालू आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षं लागली! तोवर त्या माणसांनी खोलीच्या भिंती हलवता येत नाहीत म्हणून वेळ वाटून घेतली.

दुसरं उदाहरण एका परदेशी बाईचं. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात कामगारांच्या लहान घरांसाठी त्यांनी स्वयंपाकघर आखलं, सुमारे सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब. आगगाडीच्या डब्यातलं चिमुकलं स्वयंपाकघर त्यांनी नमुना म्हणून अभ्यासलं होतं. आधी बाईची पावलं मोजली आणि मग कपाटं कुठे लावायची ते ठरवलं. अशी जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरं त्या शहरात बसली. गंमत म्हणजे १९३० साली याच बाई सोव्हिएत संघात गेल्या, आणि ज्या मंडळींबरोबर गेल्या त्यांनी मॅग्निटोगोर्स्क या पोलादनगरीच्या आखणीचं काम केलं. भिलाईच्या थोरल्या बहिणीचंच म्हणायचं ते! आम्हीही बहिणीची पावलं मोजली. गॅस एका भिंतीला, भांड्यांची मांडणी समोरच्या भिंतीला आणि पिण्याचं पाणी दाराशी. एका चहासाठी ती दिवाणाला तीनदा वळसा घालत होती. मांडणी ओट्याच्या वर आली, पाणी ओट्याच्या कडेला आलं, आणि वळसे संपले.

गॅसबद्दल इथेच एक सांगते, कारण एका खोलीच्या घरात याकडे हटकून दुर्लक्ष होतं. सिलिंडर नेहमी उभाच ठेवायचा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर हवी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर बंद कपाटात कोंडू नका, आणि कोंडायचाच असेल तर कपाटाच्या तळाशी हवा जायला भोकं ठेवा. ओट्यापासून हात लांबवला तर हाताला लागेल एवढ्या अंतरात कोणताही पडदा नको. सजावट गेली खड्ड्यात, आधी हे.

आता अंधाराची गोष्ट.

माझी पहिली कल्पना अशी होती की खोलीच्या मधोमध एक पडदा टाकायचा. एका बाजूला दिवाण, दुसऱ्या बाजूला ओटा. सासूबाईंची खाट गॅलरीच्या बाजूला, तिलाही एक वेगळा छोटा पडदा. कागदावर हे अगदी देखणं दिसत होतं. सासूबाई आल्या त्याच आठवड्यात मी हौसेनं कापड घेऊन पुन्हा भिलाईला गेले. त्यांनी कापड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मले पडद्याआड टाकता काय व पोरींनो? मी काय बिमार आहो?"

आम्ही दोघीही गप्प. त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. घरधनी गेल्यावर, स्वतःचं घर बंद करून, मुलाच्या एका खोलीत आलेल्या बाईला आपण पहिली वस्तू कोणती देतोय, तर तिला झाकणारा पडदा! तिला उजेडात बसायचं होतं. दार कोण उघडतं, भाजी कितीला मिळाली, हे तिला दिसायला हवं होतं.

मग त्याच म्हणाल्या, "झोपते तो. पडदा त्याले लावा ना."

आणि खरंच, सगळं तिथेच सुटलं! त्यांच्या माहेरी चार खांबांचा छपरी पलंग होता म्हणे, त्याला मच्छरदाणी लावायचे. त्याच धर्तीवर जावईबापूंनी आपल्या हातानं लोखंडी पाइपाचे चार खांब केले, वर चौकट केली आणि ती दिवाणाला चार बोल्टांनी बसवली. भिंतीला एकही भोक नाही, त्यामुळे घरमालकाची कुरकुर नाही, आणि खोली सोडताना सगळं उकलून नेता येईल. फॅब्रिकेटरच्या घरात पडद्याच्या दांडीसाठी दुकानात जायची वेळ यावी, हेच मुळात नवल होतं!

ज्यांना हे करून पाहायचंय त्यांच्यासाठी मापं देते. दिवाण सहा बाय चारचा आहे. तो खिडकीखालून काढून आतल्या भिंतीला लावला, ओट्यापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात. खांब जमिनीपासून साडेसहा फूट. पडदा दोन पदरी शिवला. आतला पदर गडद निळ्या जाड कापडाचा, बाहेरचा पदर साध्या मांजरपाटाचा, त्यावर बहिणीनं भेंडीचे ठसे मारले. आतून रात्र आणि बाहेरून दिवस. पूर्ण गडद पडदा लावला असता तर बाहेर बसणाऱ्यांना सारखी सुतकी कळा आली असती. दोन्ही पदर वेगवेगळे लूप लावून अडकवलेत, म्हणजे बाहेरचा मळला की तेवढाच उतरवून धुता येतो. कापड दांडीच्या लांबीच्या दीडपट घ्यावं, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि फटींतून उजेड शिरतो. खाली मात्र चार बोटं मोकळी सोडा, पुसायला बरं आणि हवेलाही.

वरून झाकायचा मोह टाळा. आम्ही दोन दिवस वरूनही कापड टाकून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी जावईबापू घामानं थबथबून बाहेर आले. वरचा भाग उघडाच हवा, म्हणजे छताच्या पंख्याचा वारा आत उतरतो. छतावरून थोडा उजेड परतून येतो, पण तो डोळ्यांवर येत नाही.

आणि आता जरा अवघड गोष्ट. दिवसपाळीच्या आठवड्यात, रात्री तोच पडदा नवराबायकोचा असतो. त्याबद्दल त्या घरात कोणी एक शब्द बोललं नाही, बोलायची गरजही पडली नाही. सासूबाई गॅलरीच्या दाराशी आपली गोधडी पसरतात आणि रेडिओ कानाशी लावून झोपतात. एका खोलीत सून आणि सासू असणाऱ्या कितीतरी घरांत हा संकोच वर्षानुवर्षं कोणी बोलून दाखवत नाही आणि मग तो चहाच्या साखरेवरून, दुधाच्या पिशवीवरून बाहेर पडतो. माझं मत विचाराल तर एका खोलीच्या घरात टीव्ही, फ्रिज, शोकेस यांच्या आधी या पडद्यावर पैसे खर्च करावेत.

सासूबाईंची जागा खिडकीपाशी केली. म्हणजे माझ्या हिशेबात जी जागा दिवाणाची होती, ती. त्यांची लोखंडी पेटी तिथे ठेवली, वर दुमडलेली गोधडी, त्यावर एक जुनी पैठणीच्या काठाची चादर. झाली बैठक! भिंतीला टेकून एक अरुंद लाकडी घोडा, त्यावर त्यांचा चष्मा, औषधं, पानाचा डबा आणि रेडिओ. पेटीची किल्ली त्यांच्याच कमरेला. त्या घोड्यावर दुसऱ्या कोणाचं काही ठेवायचं नाही, हा एकच नियम. बहीण एकदा सवयीनं मोबाइल ठेवायला गेली, तर सासूबाईंनी नुसतं पाहिलं.

राहिले ते तीन आवाज. दारावरच्या घंटीची तार काढून टाकली. भाजीवाल्याला आता सासूबाई खिडकीतूनच हात करतात. मिक्सर संध्याकाळवर गेला, सकाळची चटणी आदल्या रात्रीच वाटून ठेवायची. कुकरचं मात्र कोडं होतं. दुपारचं जेवण गरम हवं आणि शिट्टी नको. यावरही तोडगा त्यांनीच काढला. सकाळी आठच्या आत भाताला चांगली उकळी आणायची, गॅस बंद करायचा आणि घट्ट झाकणाचं पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळून टोपल्यात ठेवायचं. तासाभरात भात आपोआप होतो आणि दुपारपर्यंत वाफाळता राहतो. धग कोंडून ठेवायची, एवढंच त्यातलं शास्त्र. शिवाय गॅस वाचतो. डाळीला मात्र कुकरच लागतो, तिच्या शिट्ट्या आठच्या आत.

जाड पडद्यानं आवाज थांबतो का, असं मला काही वाचक विचारतील. नाही थांबत. पडदे, गाद्या, सतरंजी यांनी खोलीतला आवाज घुमत नाही, थोडा मऊ होतो. बाहेरच्या ट्रेलरचा हॉर्न काही पडदा अडवणार नाही. स्टीलच्या डब्यांखाली जुन्या गालिच्याचा तुकडा आणि खुर्चीच्या पायांना रबरी बुटं, याचा फायदा त्याहून जास्त होतो.

उन्हाचं काय करायचं, हा छत्तीसगडचा खरा प्रश्न. मे महिन्यात पारा ४४-४५पर्यंत जातो, गॅलरी पश्चिमेला आणि वर गच्ची. घरमालकाला विचारून गच्चीवर चुन्याचे दोन हात मारले. पांढरा रंग ऊन परतवतो आणि खोलीतला फरक हाताला जाणवतो. गॅलरीत बुरडाकडून आणलेली बांबूची तट्टी लावली, तिच्यावर वाळ्याचा पडदा, दुपारी दोनदा पाणी मारायचं. कूलर असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: कूलर चालू करून दारं-खिडक्या गच्च बंद करू नका. ओली हवा बाहेर जायला समोरच्या बाजूला चार बोटांची फट लागते, नाहीतर खोलीत गारवा न येता नुसता चिकचिकाट होतो. पावसाळ्यात तर त्याचा काही उपयोग नाही. पण उन्हाळ्यात त्याच्या घरघरीचा एक फायदा झाला. जिन्यातली पोरं कितीही ओरडली तरी जावईबापूंना पत्ता लागत नाही!

तट्टीवरून मला सरगुजा जिल्ह्यातल्या पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार आठवल्या. लग्नानंतर या बाई कितीतरी वर्षं घराबाहेर फारशा पडल्याच नाहीत. बोलायला कोणी नाही, बाजारातून काही आणायचं नाही. त्यांनी मातीची खेळणी केली, मग बांबूच्या कांबी वळवून त्यांच्यावर माती आणि गवताचा लेप देत पडवीला जाळ्या केल्या, त्या जाळ्यांत पाखरं, माकडं, नाचणारी माणसं बसवली. ऊन गाळून आत यायचं आणि घर गार राहायचं. १९८०च्या दशकात भोपाळच्या भारत भवनच्या मंडळींनी ते घर पाहिलं, पुढे सोनाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यांची कला परदेशातही गेली. २००७ साली त्या वारल्या. आज आपण त्या जाळ्यांना कलाकृती म्हणतो. त्या बाईंनी मात्र आधी आपल्याला रोज बसावं लागतं तिथे सावली केली होती.

आता शोभेचं. तुम्ही म्हणाल, घर सजवायच्या सदरात शोभा शेवटी? इथे ती शेवटीच आली. हथखोजच्या आसपास सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे धूळ. काळपट, किंचित लोखंडी. माझे पांढरे झिरझिरीत पडदे आठवड्यात राखाडी झाले होते. कृत्रिम फुलं, मखमली उशा, झालरी, कोरीव खाचांच्या फ्रेमा, यांतलं काहीही तिथे टिकत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की शोभेची वस्तू एकच घ्यायची, पण तिच्याकडे बघावंसं वाटलं पाहिजे. बस्तरच्या कोंडागावला लोहार लोखंड ठोकून दिवे, हरणं, माणसांच्या रांगा घडवतात. तसा एक काळा लोखंडी दिवा भिंतीवर आला. काळ्यावर धूळ दिसत नाही, फडकं फिरवलं की काम झालं. पावसाळ्याआधी तेलाचं बोट फिरवायचं म्हणजे गंज चढत नाही. तिथलीच पितळी ढोकरा कामाची मूर्तीही मनात भरली होती, पण पितळ काळवंडतं, घासत बसावं लागतं, म्हणून सोडली. जावईबापू मात्र त्या लोखंडी दिव्यापुढे बराच वेळ उभे होते. "हा वेल्डिंगशिवाय जोडलाय," ते म्हणाले, आणि सांधा बोटानं चाचपून पाहिला.

उजेडाची सोयही बदलली. छताला मधोमध एकच झगझगीत पट्टी होती, ती लागली की सगळी खोली जागी. आता तीन छोटे एलईडी दिवे आहेत. ओट्यावर पांढरा, खिडकीपाशी सासूबाईंच्या डोक्यावर पिवळसर, दिवाणाच्या आत एक अगदी मंद. पूर्वीच्या साठ वॅटच्या बल्बएवढा उजेड आता नऊ वॅटमध्ये मिळतो, तेव्हा तीन दिव्यांचं बिल वाढेल ही भीती नको. पहाटे पाचला उठून सासूबाई आपला दिवा लावतात, आणि बाकी खोली झोपलेलीच राहते.

आरसा शेवटी कुठे गेला? न्हाणीघराच्या दाराला आतून.

यंदा जानेवारीत मी पुन्हा गेले. मुद्दामच सकाळी अकराला पोचले, रात्रपाळीचा आठवडा असताना. जिन्याच्या पायरीवर कोणी नव्हतं, शेजाऱ्यांची मांजर तेवढी ऊन खात पसरली होती. दार नुसतं लोटलेलं. आत बहीण ओट्यापाशी खुर्चीवर बसून मटार सोलत होती, सासूबाई पेटीवर बसून तिला हलक्या आवाजात गावाकडच्या कोणाच्या तरी लग्नाची भानगड सांगत होत्या, आणि दोघी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला पाहून सासूबाईंनी पेटीवर सरकून जागा केली.

मी बसले. भानगड पुढे सरकली. नवरदेव मांडवातून निघून गेला, इथपर्यंत आलो आणि पडद्याआडून आवाज आला, "आई, मग तो परत आला की नाही?"

"तू झोप मुकाट्यानं," सासूबाई म्हणाल्या, आणि आवाज आणखी खाली आणून पुढचं सांगू लागल्या.